न जुळलेली घराणी

दिनकर आंबर्डेकरांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी मला एक ड्रॉइंग द्यायला साफ नकार दिला तेव्हा. सौदीत धाहरानला येऊन मला चारच दिवस झाले होते. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, अजून हातात पडला नव्हता, पण साहेबांना पाइपिंगचं ते ड्रॉइंग अकराच्या आत टेबलावर हवं होतं. बाहेर सत्तेचाळीस डिग्री होतं. ड्रॉइंग ऑफिसच्या काउंटरमागे एक गृहस्थ बिनबाह्यांचा हिरवा स्वेटर घालून बसले होते, कारण आत अठरा होतं.

“रिव्हिजन कोणती?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“शेवटची द्या.”

“शेवटची असं काही नसतं. आत्ताची असते. फॉर्म?”

फॉर्म मी भरला नव्हता. त्यांनी माझ्या छातीवरचा बॅज चष्मा वर करून वाचला आणि एकदम मराठीवर आले.

“पाटणकर. कोणते पाटणकर?”

“नाशिकचे.”

“ते राहणं झालं. मूळ गाव? कुलदैवत?”

मला दोन्ही धड सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे पुन्हा दहावीत गेलो. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या टेबलापाशी आले. “बॅजवर तुमच्या वडिलांचं नाव होतं, त्यावरून शोधलं. तुमचा कुलवृत्तांत निघालेला आहे. आजोबा पान एकशे त्र्याण्णव. धाकट्या आत्याचं नाव चुकलंय का तेवढं घरी विचारा.” मी आईला फोन केला. आत्याचं नाव खरंच चुकलं होतं. ड्रॉइंग मात्र मला फॉर्म भरल्यावरच मिळालं.

भाऊ (त्यांना सगळे भाऊच म्हणत, अमेरिकन साहेब सोडून, ते ‘डिंकर’ म्हणत) कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होते. काम ऐकायला सोपं आहे. प्रत्येक ड्रॉइंगला नंबर असतो. त्यात दुरुस्ती झाली की रिव्हिजन ए-ची बी होते, बी-ची सी होते. नवी प्रत द्यायची, तिच्यावर ‘नियंत्रित प्रत’ असा लाल शिक्का मारायचा, घेणाऱ्याची सही घ्यायची आणि जुनी प्रत परत मागून फाडून टाकायची. एवढंच. फक्त हे त्यांनी सव्वीस वर्षं केलं होतं आणि ते ऑफिसपुरतं ठेवलं नव्हतं. अल-खोबरच्या त्यांच्या फ्लॅटमधल्या फ्रीजवर सुलभावहिनींच्या साखरभाताची कृती चिकटवलेली होती, तिच्यावर ‘रिव्हिजन ई’ असा शिक्का होता. डी-मध्ये लवंगा जास्त होत्या. त्यांची मुलगी मुक्ता या गोष्टीच्या वर्षी इंडियन स्कूलमध्ये अकरावीला होती, तिच्या वेळापत्रकाचीही जुनी प्रत तिला परत करावी लागे. “बाबा, इट्स इन माय फोन,” ती म्हणायची. “फोनवर शिक्का कुठे मारू?” भाऊ विचारायचे, आणि त्यांना उत्तर हवं असायचं.

त्यांचं दुसरं काम बिनपगारी होतं. ते आंबर्डेकर कुलवृत्तांत मंडळाचे आखाती प्रतिनिधी होते. मंडळ पुण्यात. तिथून फॉर्मचा गठ्ठा यायचा आणि भाऊ दम्मामपासून जेद्दापर्यंत आंबर्डेकर शोधत फिरायचे. जन्म, लग्न, शिक्षण, हुद्दा, मुलं, मुली कुठल्या घराण्यात दिल्या, सगळं भरून घ्यायचे. दुसऱ्या आडनावांचे कुलवृत्तांतही त्यांनी जमवले होते. मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत त्याला त्याचं पान सांगणं ही त्यांची नमस्काराची पद्धत होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लोक आरतीच्या रांगेत उभे राहून आपापली पानं विचारून घेत.

एकदा मी गमतीनं म्हटलं, “भाऊ, सगळ्यांची पानं सांगता. तुमचं स्वतःचं कुठलं?”

“शेवटाकडे आहे,” ते म्हणाले. “शोधायला वेळ लागतो.” आणि फॉर्म पुढे सरकवला.

ज्या माणसाला माझ्या चुलत आजोबांच्या दुसऱ्या लग्नाचं साल पाठ होतं, त्याला आपलं पान शोधायला वेळ का लागावा, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

एका शुक्रवारी ते मला रियाधला घेऊन गेले. कुणाकडून तरी त्यांच्या हाती तिथल्या बत्हा बाजारातल्या एका शिंप्याची पावती आली होती, तिच्यावर खाली इंग्रजीत ‘आंबर्डेकर टेलर्स’ असं छापलेलं होतं. एवढ्यावर आम्ही चार तास आगगाडीत बसलो. बत्ह्यात शुक्रवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. मलबारी खानावळी, बंगाली भाजीवाले, पैसे घरी पाठवणाऱ्यांच्या रांगा, टॅक्सीवाल्यांचं ‘दम्माम, दम्माम, यल्ला’. या सगळ्यातून भाऊ फाइल छातीशी धरून चालले होते. दुकान एका जिन्याखाली सापडलं. मशीनवर साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे अब्दुल रहमान आंबर्डेकर बसले होते.

“तुमी आंबर्ड्याचे?” भाऊंचं नाव ऐकून त्यांनी पाय थांबवले. “कुठल्या वाडीतले ओ? आमचं घर तळ्याच्या वरच्या अंगाला. मशिदीपासचं.”

“तळ्याच्या खाली पिंपळ होता,” भाऊ म्हणाले.

“होता काय, हाये! त्याच्याखाली आमी गोट्या खेळलो.”

पुढचा दीड तास ते पिंपळ, तळं आणि कुणाच्या तरी पडलेल्या भिंतीबद्दल बोलत होते. मी तिथल्या एकमेव स्टुलावर बसून चहा पीत होतो. निघताना भाऊंनी फाइल उघडली आणि फॉर्म भरायला घेतला. मूळ गाव आंबर्डे. हुद्दा शिंपी. गोत्राचा रकाना आला तेव्हा ते जरासे थबकले, मग आडवी रेघ मारून पुढे गेले. अब्दुल रहमान यांनी खाली सही केली आणि भाऊंच्या पँटची उसवलेली शिवण जागच्या जागी घालून दिली.

मंडळाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. सदर गृहस्थांचे आडनाव गावावरून पडलेले असून ते आपल्या कुलात मोडत नाहीत. भाऊंनी परत लिहिलं, निदान शेवटच्या भागात घ्या. मंडळानं कळवलं, तिथेही नाही. भाऊंनी ते पत्र नंबर घालून फाइलला लावलं. नाकारलेला फॉर्म त्यांच्या नियमाप्रमाणे फाडायला हवा होता. तो त्यांनी टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

आमच्या विभागाचे प्रमुख रॉय ऑर्डवेल ओहायोचे होते. सहा फूट तीन इंच, मितभाषी, आणि निवृत्तीला वर्ष राहिलेलं. त्यांना एकच नाद होता, तो म्हणजे ऑर्डवेल. अमेरिका देश व्हायच्या आधीपासून त्यांचं घराणं तिथे होतं असं ते म्हणत, आणि तसे ऑर्डवेल खरंच होते. रेव्हरंड जेडेडाया ऑर्डवेल, जे इतकं लांब प्रवचन देत की लोक चर्चमध्ये जेवणाची टोपली घेऊन येत. जज नेथॅनियल ऑर्डवेल, ज्यांनी इंग्रजांच्या कराविरुद्ध पत्रक लिहिलं. मर्सी ऑर्डवेल, जिनं नवऱ्याच्या मागे छापखाना चालवला आणि दिराचं तेच पत्रक अर्धं कापून छापलं. आणि सगळ्यांत मोठे कॅप्टन सायलस ऑर्डवेल, ज्यांनी स्वातंत्र्ययुद्धात सुकवलेल्या माशांच्या खाली दारूगोळा लपवून बंदरात आणला. साहेबांच्या टेबलावर सायलसच्या जहाजाचं लाकडी मॉडेल होतं. ते त्यांनी खोबरमध्येच करून घेतलं होतं. कारागिराला इथली ढाऊच, म्हणजे अरबी शिडाचं गलबतच, करता येत होती, त्यामुळे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातलं ते जहाज मोती काढायला निघाल्यासारखं दिसे.

वडिलांनी आणि आत्यांनी जमवलेल्या कागदांची तीन खोकी साहेबांकडे होती. निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात ओहायोत सगळे ऑर्डवेल जमणार होते, त्यात त्र्याण्णव वर्षांच्या एक आत्याही होत्या. त्यांच्या हातात छापलेलं पुस्तक ठेवायचं, एवढी साहेबांची इच्छा होती. खोकी त्यांना आवरत नव्हती. त्यांनी भाऊंना विचारलं. भाऊंनी त्याच दिवशी खोक्यांना नंबर घातले.

भाऊंना वंशावळ करण्याची एकच पद्धत माहीत होती. त्यांनी मंडळाचा फॉर्म इंग्रजीत केला आणि साहेबांपुढे ठेवला.

“गोत्र म्हणजे काय, डिंकर?”

“मूळ ऋषी, सर.”

साहेबांनी बराच विचार केला. “आम्ही प्रेस्बिटेरियन आहोत.”

“म्हणजे माहीत नाही,” भाऊ म्हणाले आणि लिहिलं: काश्यप. बाहेर आल्यावर मी हसत सुटलो तर ते गंभीरपणे म्हणाले, “ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. ती रीतच आहे, पाटणकर. त्यात हसण्यासारखं काय आहे?” अशा रीतीनं रेव्हरंड जेडेडाया काश्यप गोत्री झाले. कुलदैवताच्या रकान्यात चर्चचा पत्ता आला.

कागद जुळत गेले, पण एका जागी अडले. साहेबांचे ओहायोतले मूळ पुरुष होते टोबियस ऑर्डवेल, शेतकरी. ते कॅप्टन सायलसचे चिरंजीव असं घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आलेले. पुरावा नव्हता, चर्चची वही जळालेली. वडील त्यासाठी तीस वर्षं खपले होते. भाऊंनी कागदांकडे दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

“सायलसच्या बापाचं नाव काय?”

“टोबियस.”

“मग सायलसच्या थोरल्या मुलाचं नाव काय असणार?”

मी सुद्धा लगेच म्हणालो, “टोबियस.” आजोबांचं नाव नातवाला. यात विचारायचं काय? माझं तसंच आहे, भाऊंच्या भावाचं तसंच आहे, आंबर्डेकरांच्या चारशे पानांत तसंच आहे. आम्ही दोघं शिकलेली माणसं, पण अटलांटिकच्या पलीकडे लोक मुलांची नावं वेगळ्या कारणांनी ठेवत असतील हे आमच्या डोक्यात आलं नाही. भाऊंनी रिव्हिजन सी काढली: सायलस, त्यांचा पुत्र टोबियस. शिक्का मारला. साहेबांनी कागद घेतला, खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मग वळून त्यांनी भाऊंचा हात दोन्ही हातांत धरला. आत्यांना त्यांनी तिथूनच फोन केला. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जहाज टाकायचं ठरलं.

चार महिन्यांनी भाऊंनी स्वतःची चूक स्वतः शोधून काढली. कुणी मागितलं नव्हतं. पण पुराव्याचा कागद मिळाल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं आणि कॅप्टन सायलसच्या गावच्या सभेच्या जुन्या वह्या कुणीतरी स्कॅन करून इंटरनेटवर ठेवल्या होत्या. रोज जेवणाच्या सुट्टीत ते दहा पानं वाचत. एका बुधवारी त्यांनी मला पडद्यावरची ती ओळ दाखवली. टोबियस, ज्याला ऑर्डवेल म्हणतात, कॅप्टनच्या जहाजावरून उतरलेला मुलगा. आईबाप ठाऊक नाहीत. एकविसाव्या वर्षापर्यंत कॅप्टनकडे कामाला बांधलेला. खाली कॅप्टनचं घर नोंदलेलं होतं. पोटच्या तीन मुली. मुलगा नाही.

“आजोबांचं नाव दिलं हे बरोबर होतं,” भाऊ म्हणाले. “कॅप्टननं बापाचंच नाव दिलंय. फक्त पोरगा दुसऱ्याचा.”

आता ती वेळ कशी होती ते सांगतो. भाऊंना साठ वर्षं पूर्ण होत होती. साठीनंतर एक वर्षाची मुदतवाढ मिळायची असेल तर विभागप्रमुखाची सही लागते. ती महिनाअखेरपर्यंत गेली नाही तर फायनल एक्झिट, म्हणजे इकामा रद्द आणि सामान बांधून कायमचं घरी. मुक्ताची अकरावी संपत आली होती. अकरावी-बारावीच्या मधोमध शाळा, बोर्ड, गाव सगळं बदलायचं म्हणजे पोरीचं वर्ष हातचं जाणार, हे वहिनी दोन महिने बोलून दाखवत होत्या. मुदतवाढीचा कागद साहेबांच्या टेबलावर होता. ते रविवारी सगळ्या सह्या करत.

“भाऊ, रविवार जाऊ द्या,” मी म्हणालो. “सही होऊ दे. सोमवारी सांगा. टोबियस एवढी वर्षं थांबलाय.”

“चुकीची रिव्हिजन साइटवर आहे, पाटणकर. माझ्या शिक्क्याची. तिच्यावर बांधकाम चालू आहे.”

“कसलं बांधकाम? मुखपृष्ठ चाललंय!”

“तेच,” ते म्हणाले आणि गुरुवारी सकाळी मला साक्षीदार म्हणून घेऊन आत गेले. प्रत मागे घ्यायची तर साक्षीदार लागतो.

त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. काहीही मऊ केलं नाही. मग रिव्हिजन सी मागे घेतल्याची सूचना पुढे ठेवली आणि म्हणाले, “चूक माझी आहे, सर. आमच्याकडची पद्धत मी तुमच्याकडे लावली.” साहेबांनी ती सूचना दोनदा वाचली. पोच म्हणून सही केली, कारण भाऊ पेन धरून उभेच होते. जहाजाकडे पाहिलं. “थँक यू, जेंटलमेन,” एवढंच म्हणाले.

रविवारी सह्या झाल्या. भाऊंचा कागद बाहेर आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. साहेब सगळ्यांशी बोलत होते, भाऊंशीही ड्रॉइंगपुरतं बोलत होते, पण जहाज टेबलावरून उचलून फायलींच्या कपाटावर भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. मी संध्याकाळी भाऊंकडे गेलो तर वहिनी वाटीतलं लोणचं उगाचच ढवळत होत्या.

“अहो, तुमच्या त्या टोबियसपायी माझ्या मुलीची बारावी जाणार,” त्या म्हणाल्या. “कोण कुठला मेलेला पोरगा!”

“बाबा, इट्स जस्ट अ नेम,” मुक्ता म्हणाली. “किसको फरक पडता है?”

भाऊ फ्रीजवरच्या कृतीकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगतो. आपल्या शिक्क्याच्या अभिमानापायी हा माणूस पोरीचं नुकसान करतोय असं मला वाटत होतं, आणि ते मी खाली उतरताना जिन्यात त्यांना बोललोही. ते म्हणाले, “हो.” एवढंच.

त्या रविवारपासून नवव्या दिवशी, मुदतीच्या दिवशी, साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. तिन्ही खोकी टेबलावर होती.

“रद्द झालेल्या प्रतींचं तू काय करतोस, डिंकर?”

“फाडतो, सर.”

“मग ही घेऊन जा. फाड.”

भाऊ हलले नाहीत. “मला वीस मिनिटं द्या,” म्हणाले आणि मला गाडी काढायला लावली. घरून त्यांनी लाल कापडी बांधणीचा आंबर्डेकर कुलवृत्तांत आणला. साहेबांच्या टेबलावर त्यांनी पुस्तक उघडलं, एकदम हवं त्या पानावर. चारशे बारा. एक पानही उलटावं लागलं नाही.

मराठी वाचून ते इंग्रजीत सांगत गेले. “शेवटचा भाग, घराणे सव्विसावे. मूळ पुरुष गणू. पटकीच्या साथीत आईबाप गेल्यावर चालत आंबर्डे गावी आला. वय सुमारे सात. कुणाचा, कुठला, ठाऊक नाही. गावाने वाढवला. गावाचे नाव लागले. गोत्र काश्यप, मानलेले.”

साहेबांनी विचारलं, “हा कोण?”

“माझे पणजोबा.”

अकरा वर्षं मी या माणसाबरोबर काम करत होतो. ‘शेवटाकडे आहे’ या उत्तरावर मी कितीदा टिंगल केली होती, चारचौघांत, गणपतीत. मला फार शरम वाटली. मी खोक्यांवरचे नंबर वाचत राहिलो.

“आणि या लोकांसाठी तू फॉर्म भरून आणतोस?” साहेब म्हणाले.

“आखाती प्रतिनिधी आहे, सर.”

“तू ज्या भागात आहेस, त्याला काय म्हणतात?”

“न जुळलेली घराणी. प्रत्येक कुलवृत्तांतात शेवटी असतात. ज्यांचा मूळ धागा सापडत नाही ते. त्यात ‘अजून’ असं छापलेलं नाही. मी वाचताना ‘अजून’ धरतो.”

साहेब बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. मग त्यांनी खोकी आपल्याकडे ओढली आणि म्हणाले, “असा भाग आपल्याला करता येईल?”

“नमुना देतो,” भाऊ म्हणाले. ते आपल्या टेबलाशी जाऊन खालच्या ड्रॉवरचं कुलूप उघडून दोन भरलेले फॉर्म घेऊन आले. एक त्यांच्या घरचा. दुसरा अब्दुल रहमान शिंप्याचा. दोन्हींवर त्यांनी ओळीखाली इंग्रजी लिहून दिलं.

आम्ही दाराशी गेल्यावर साहेबांनी हाक मारली. गठ्ठ्यातून एक कागद काढला आणि सही केली. “हा नऊ दिवस इथेच होता,” ते म्हणाले. “मी विसरलो नव्हतो, डिंकर. ते तुला माहीत असावं.”

“तारीख राहिली, सर,” भाऊ म्हणाले.

मुक्ताची बारावी झाली. परीक्षा चांगली गेली. साहेब त्याआधीच ओहायोला परतले होते, जाताना ती ढाऊ भाऊंना देऊन गेले. वहिनींनी ती टीव्हीवर ठेवली आणि आल्यागेल्याला ‘हे अमेरिकन जहाज’ म्हणून दाखवली. मग मार्चमध्ये, भाऊंची फायनल एक्झिट आठवड्यावर आलेली असताना, रजेवरून परतलेल्या एका सहकाऱ्यानं तीन पुस्तकं आणून दिली. निळी बांधणी. मुखपृष्ठावर जहाज नव्हतं, एक नांगरलेलं शेत होतं.

भाऊंनी पुस्तक काउंटरवर ठेवून शेवटाकडून उघडलं. मी खांद्यावरून बघत होतो. शेवटच्या भागाचं नाव इंग्रजीत होतं, अजून न जुळलेली घराणी, आणि त्यातलं ‘अजून’ तिरप्या अक्षरांत. पहिलं घराणं: टोबियस, ज्याला ऑर्डवेल म्हणतात, आणि त्याचे वंशज. त्यात साहेब, साहेबांचे वडील, त्र्याण्णव वर्षांच्या आत्या, सगळे. त्याच्यापुढे एक पान उलटलं की दुसरं: गणू, ज्याला आंबर्डेकर म्हणतात. सुलभा, मुक्ता, सगळे. आणि त्याच्या लगेच खाली तिसरं: अब्दुल रहमान आंबर्डेकर, शिंपी, बत्हा, रियाध, मूळ गाव आंबर्डे, घर तळ्याच्या वरच्या अंगाला, तळ्याच्या खाली पिंपळ.

आत साहेबांची चिठ्ठी होती. नमुन्याचे फॉर्म काढायचे होते याची मला कल्पना आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पण जुळत नाहीत म्हणून काढायचे ठरवलं तर पहिल्यांदा मलाच निघावं लागलं असतं. आत्यांनी पुस्तक पूर्ण वाचलं. त्या विचारतात, पिंपळ म्हणजे कसलं झाड?

भाऊ पुस्तक मिटून मागच्या स्टेशनरीच्या खोलीत गेले. दार लावलं. मी काउंटरवर बसलो, दोन जणांचे फॉर्म घेतले. दहाएक मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता.

“रिव्हिजन नंबर घातलेला नाही,” ते म्हणाले.

दम्मामच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. वहिनी आणि मुक्ता पुढे गेल्या होत्या. मुक्ताच्या काखेत ती ढाऊ होती, बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेली. भाऊ हिरवा स्वेटर घालून होते. त्यांनी पिशवीतून तिसरं निळं पुस्तक काढलं. त्याच्यावर लाल शिक्का होता, नियंत्रित प्रत.

“हे बत्ह्यात द्यायचं. मला जायला जमलं नाही. इथे सही करा, मिळाल्याची. आणि त्यांची सही घेऊन मला पाठवा.”

मी पुस्तक त्यांच्याच पाठीवर टेकवून सही केली. त्यांनी ती तपासली. मग म्हणाले, “मंडळाला मी राजीनामा पाठवला. नवा प्रतिनिधी बघा म्हणावं,” आणि पासपोर्टच्या रांगेकडे चालू लागले. मला काहीतरी बोलायचं होतं. नऊ दिवसांबद्दल, जिन्यातल्या त्या बोलण्याबद्दल. तोंडातून आलं ते एवढंच, “भाऊ, सांभाळून जा.”

ते रांगेत शिरले. पुढे एक पठाण, मागे पाच-सहा केरळी नर्स. काचेपलीकडच्या अधिकाऱ्यानं त्यांची बोटं मशीनवर ठेवून घेतली, पासपोर्टवर शिक्का मारला. भाऊंनी तो शिक्का वाकून बघितला, बहुतेक तारीख नीट उमटली की नाही ते. अधिकारी “खलास, खलास” म्हणाला. तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवलं. ते वळले, टाचा उंचावून रांगेच्या डोक्यांवरून मला शोधलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मोठ्यानं ओरडताना ऐकलं.

“पाटणकर! त्यांना पान सांगा! दोनशे अठरा!”

“हो!”

“माझंही तेच आहे! दोनशे अठरा!”

रांगेतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पुस्तक वर करून दाखवलं.